कानपूरच्या गवतातली विमानं

आमचे आबा कानपूरला गेले ते 1948 साली. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ते फिटर होते. हात तयार झाला होता सोलापूरच्या गिरणीत. मागावरून विमानावर आले ते युद्धाच्या दिवसांत, कारखान्याला माणसं हवी होती म्हणून. “चकेरीला विमानं पडलीयत, त्यांतली किती उठतात ते बघून या,” एवढ्या हुकमावर त्यांची टोळी उत्तरेला निघाली. पुढचं आबा सांगायचे ते असं : “गवत कमरेइतकं. पाय टाकायचा म्हणजे आधी काठी आपटायची. इंजिनांत गांधीलमाश्यांची पोळी. काचा फुटलेल्या, रबराच्या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या. कुणाचा पंखा वाकलेला, कुणाचा गायब. आमच्यातला एक जण म्हणाला, मिस्त्री, हे उचलायचं की पुरायचं?” मग आबा जरा थांबायचे आणि म्हणायचे, “पण पत्रा चांगला होता. पत्र्यावर बोट फिरवलं की कळतं.”

ती विमानं म्हणजे बी-24 लिबरेटर. चार इंजिनांची, एकशेदहा फूट पंखविस्ताराची अमेरिकी बॉम्बफेकी विमानं. अमेरिकेनं अशी अठरा हजारांहून जास्त बांधली. तिचं दुसरं कुठलंही सैनिकी विमान एवढ्या संख्येनं बांधलं गेलं नाही. मिशिगनमधल्या विलो रन इथल्या फोर्डच्या कारखान्यातून 1944 साली तासाला एक लिबरेटर बाहेर पडत होतं. ब्रिटिश हवाई दलाला ती मिळाली ती लेंड-लीज कराराखाली, म्हणजे उसनी. बंगालमधल्या सालबनी, दिग्री, धुबलियासारख्या धावपट्ट्यांवरून ती रात्री-अपरात्री उडत आणि ब्रह्मदेशातले पूल, गोद्या, सयाम-ब्रह्मदेश रेल्वे यांच्यावर बॉम्ब टाकून परतत.

ऑगस्ट 1945 मध्ये जपाननं शरणागती पत्करली आणि या विमानांचं काम एका दिवसात संपलं. करारानुसार उसनी वस्तू परत तरी करायची, नाहीतर तिचे पैसे भरायचे. परत नेण्याचा खर्च कुणालाच नको होता. अमेरिकेत त्यांची स्वतःची हजारो विमानं उन्हात उभी होती. तेव्हा लिबरेटर कानपूरजवळच्या चकेरीच्या तळावर जमा केली गेली आणि पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून मोडून ठेवली गेली. घणानं यंत्रं फोडली, इंजिनांत वाळू ओतली, असं तिथे काम केलेले जुने लोक सांगत आले आहेत. आबांनी वाकलेले पंखे पाहिले होते. ते वाऱ्यापावसानं वाकलेले नव्हते, हे त्यांना एका नजरेत कळलं होतं.

जगभर तेव्हा हेच चाललं होतं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या किंगमनला साडेपाच हजारांच्या आसपास विमानं आणून रांगेत लावली होती. त्यांतल्या बहुतेकांचे तुकडे करून भट्टीत घातले आणि ॲल्युमिनियमच्या विटा पाडल्या. सरकारी दरपत्रकात बी-17 किंवा बी-24 तेरा हजार सातशे पन्नास डॉलरला मिळत होतं, एवढं विमान आणि एवढ्याशा पैशांत. ज्यांना गिऱ्हाईक मिळालं त्यांना नवा जन्म मिळाला. स्वीडनमध्ये उतरलेल्या काही बी-17 विमानांत साब कंपनीनं चौदा उतारूंची बैठक केली आणि ती अटलांटिक पार उडवली. अमेरिकेतल्या बी-17 नी पुढे कित्येक वर्षं पोटात पाणी आणि औषध भरून जंगलातले वणवे विझवले. इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्स बॉम्बरांच्या पोटाखाली सामानाची पेटी बसवून आत उतारूंची सोय केली आणि त्यांना हाल्टन नाव दिलं. त्यांतलं एक खास सजवलेलं विमान आपल्या बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांसाठी तयार झालं होतं. बर्लिनवर रात्रीमागून रात्र बॉम्ब टाकणाऱ्या जातीचंच ते विमान, आणि आता त्यात संस्थानच्या महाराजांची बैठक.

आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द होता : भंगार. आमच्या मोठ्या मामांनी पुण्यात वकिली केली. त्यांच्याकडून मी विमानाच्या भंगाराची जी गोष्ट ऐकली ती कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, पण त्यातल्या विमानांकडे कुणाचं लक्ष जात नाही. बर्दवान जिल्ह्यातल्या पानागढला युद्धकाळात मोठा विमानतळ होता. युद्ध संपल्यावर तिथे पडलेलं विमानांचं भंगार विकण्याचं काम टाटा एअरक्राफ्टकडे होतं. नोव्हेंबर 1946 मध्ये कलकत्त्याच्या श्री हनुमान कॉटन मिल्सनं ते दहा लाख रुपयांना घ्यायचं ठरवलं आणि अडीच लाख इसार भरला. बाकीची रक्कम भरली नाही. विकणाऱ्यांनी इसार जप्त केला. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1969 साली निकाल लागला : सौदा घेणाऱ्यानं मोडला तर इसार बुडतो. मामा म्हणायचे, “अख्ख्या देशात इसाराचा कायदा त्या भंगारावर उभा आहे. वकील कलम वाचतात. मी पानागढचं मैदान डोळ्यांपुढे आणतो. दहा लाखांचा पत्रा म्हणजे किती पंख, किती शेपट्या!”

तो पत्रा शेवटी भट्टीत जायचा आणि भट्टीतून घरोघर. आजीच्या स्वयंपाकघरात एक जर्मनचं पातेलं होतं. चहाच्या आधणापासून दिवाळीतल्या उटण्याच्या पाण्यापर्यंत सगळ्याला चालायचं. आजी सांगायची, युद्धात भांडी मिळेनाशी झाली होती, पितळ परवडत नव्हतं, आणि युद्ध संपल्यावर बाजारात अशी हलकी भांडी एकदम दिसायला लागली. आबा कानपूरहून आले तेव्हा तिनं त्यांना विचारलं होतं, “तिकडचं सगळं वितळवून टाकणार का?” आबा म्हणाले होते, “नाही. आम्ही उडवणार.”

हे म्हणायला आधार काय होता, हे समजून घ्यायचं तर बंगळूरच्या कारखान्याकडे जावं लागतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्यानं डिसेंबर 1940 मध्ये तो उभा केला. ज्या देशाला मोटार बांधू द्यायलाही राज्यकर्ते तयार नव्हते, तिथे या माणसानं विमानाचा कारखाना मागितला. 1942 साली सरकारनं तो ताब्यात घेतला आणि पुढच्या वर्षी अमेरिकी हवाई दलानं तिथे दुरुस्तीचा तळ केला. कॅटलिना आणि डाकोटांसारखी विमानं तिथे उघडली गेली, धुतली गेली, पुन्हा जोडली गेली. आबांच्या पिढीतल्या सोलापूर, बेळगाव, धारवाड, म्हैसूरकडच्या पोरांनी तिथे पाना हातात धरला. ज्यांना इंग्रजी पुस्तक वाचता येत नव्हतं ते चित्रं पाहून शिकले, आणि चित्रही नव्हतं तेव्हा शेजारच्याच्या हाताकडे पाहून.

त्यात एक यांत्रिक योगायोग फार मोलाचा ठरला. लिबरेटरला प्रॅट अँड व्हिटनीची ट्विन वॉस्प इंजिनं होती : दोन ओळींत चौदा सिलिंडर, हवेनं थंड होणारी, बाराशे अश्वशक्तीची. डाकोटालाही याच घराण्याची इंजिनं असायची. म्हणजे बंगळूरच्या फिटरांना चकेरीच्या गवतात जे सापडलं ते अनोळखी नव्हतं. त्यांनी हे इंजिन शेकडो वेळा खोललं होतं, त्याचं तेल नखांत वागवलं होतं. ज्याला बाहेरचा माणूस मढं म्हणाला असता, त्यात त्यांना ओळखीचा रोग दिसला.

आणि बॉम्बरांची गरज तातडीची होती. काश्मीरच्या लढाईत डाकोटाच्या दारातून हातानं बॉम्ब ढकलले जात होते. 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरला जवान उतरवणाऱ्या विमानांत खासगी कंपन्यांची डाकोटाही होती. आदल्या आठवड्यापर्यंत उतारू आणि टपाल नेणारी विमानं पुन्हा लढाईला लागली. बाहेरून खरे बॉम्बर विकत घ्यायला पैसा नव्हता आणि कुणी घाईनं देणारही नव्हतं. तेव्हा नजर कानपूरच्या गवताकडे वळली.

आबांची टोळी काय करायची? एका विमानाची शेपूट, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याचं इंजिन. आधी उंदीर-गांधीलमाश्या काढायच्या, मग तारा तपासायच्या, मग तेलाच्या नळ्या. पंखात रबराच्या टाक्या असायच्या. त्या गळायच्या आणि विमानाच्या पोटात पेट्रोलचा वास कोंडायचा. लिबरेटरची ही खोड युद्धातही सगळ्यांना माहीत होती. वास जावा म्हणून वैमानिक बॉम्बकक्षाची दारं थोडी उघडी ठेवून उडत. ती दारं बाहेर न उघडता दुकानाच्या शटरसारखी विमानाच्या अंगावर गुंडाळली जायची. आबा म्हणायचे, “सगळ्यात आधी आम्ही ती दारं वर-खाली करून बघायचो. ती सरकली, की समजायचं, या विमानाला अजून जगायचंय.” विमान एकदा हलण्याजोगं झालं की पंखे फिरवून बघायचे. पहिलं इंजिन धूर ओकत सुरू झालं तेव्हा गवतातून बगळे उठले आणि टोळीतल्या एका म्हाताऱ्या खलाशानं जमिनीला हात लावून कपाळाला लावला. आबांच्या गोष्टीत हा क्षण कधी चुकला नाही.

मग ती विमानं बंगळूरला न्यायची. सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटर. नीट दुरुस्ती बंगळूरलाच होणार होती, कानपूरला फक्त उडण्यापुरती. ही जोखीम कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी घेतली. एकामागून एक अशी सुमारे चाळीस लिबरेटर त्यांनी बंगळूरला पोचवली. चार इंजिनांचं, गवतातून उपटून काढलेलं विमान, आणि तेही इतक्या वेळा. आबा एरवी कुणाची तारीफ करत नसत, पण मुन्शींचं नाव काढलं की खुर्चीत ताठ बसायचे. म्हणायचे, “आम्ही चावी घट्ट केली की नाही, हे आमच्यानंतर फक्त त्यांनाच कळणार होतं. आणि ते आम्हांला न विचारता बसायचे.”

नोव्हेंबर 1948 मध्ये हवाई दलाच्या पाचव्या स्क्वॉड्रननं पहिली लिबरेटर घेतली. पुढे आणखी स्क्वॉड्रन आल्या. 1951 पासून सहावी स्क्वॉड्रन ती समुद्रावरच्या गस्तीसाठी वापरू लागली, आणि गोष्ट पुण्यात, लोहगावच्या तळावर आली. आत्याचं सासर येरवड्याला. लोहगावच्या विमानांचा आवाज हा त्यांच्या दिवसाचा भाग. लांबून येणारी जाड गुणगुण, आधी छातीत आणि मग कानात. आत्या म्हणायची, “सकाळी स्वयंपाक करताना ती पश्चिमेला जायची, धुणं वाळत घालून झालं तरी परत यायची नाहीत. माझ्या सासूबाई विचारायच्या, आज सगळी आली का गं?” ती विमानं अरबी समुद्रावर तासन् तास फिरत आणि बोटी हेरत. कधीकाळी ब्रह्मदेशातले पूल पाडायला निघालेली ही विमानं आता एका नव्या देशाच्या किनाऱ्याची राखण करत होती, आणि येरवड्यातली एक म्हातारी त्यांच्या परतीची वाट पाहत होती.

कानपूर ते बंगळूर अशी सरळ रेघ नकाशावर ओढली तर ती नागपूरजवळून जाते. त्याच वर्षांत नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर आणखी एक नवं आयुष्य सुरू झालं. जानेवारी 1949 मध्ये रात्रीचं हवाई टपाल निघालं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून एकेक विमान रात्री उडायचं, चारही मध्यरात्रीनंतर नागपूरला भेटायची, पोती बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. त्याच वर्षी साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानानं जाऊ लागली. कलकत्त्यात टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत मिळू लागलं. ही कामगिरी प्रामुख्यानं डाकोटांची. युद्धात पलटणी आणि रसद नेलेल्या, नंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या विमानांची. नागपूरचे काका रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते. सांगायचे, “थंडीत कानटोपी घालून आम्ही धावपट्टीच्या कडेला उभे. पोत्यात काय असेल? कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचा मृत्यू. चार दिशांचं सगळं एका तासात हातांतून जायचं.” 1953 साली आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली तेव्हा तिच्या नव्व्याण्णव विमानांत चौऱ्याहत्तर डाकोटा होती. युद्धानं उरवून ठेवलेल्या पत्र्यावर नागरी विमानवाहतूक उभी राहिली, हे या एका आकड्यात दिसतं.

लिबरेटर मात्र नागरी जगात आली ती म्हातारपणी. 1968 च्या अखेरीस भारतीय हवाई दलानं ती निवृत्त केली. तोवर इतर बहुतेक देशांतली लिबरेटर भट्टीत गेली होती. लढाऊ सेवेत ती सर्वांत शेवटपर्यंत वापरणारं हवाई दल आपलं. म्हणून जगातल्या संग्रहालयांना लिबरेटर हवं झालं तेव्हा त्यांना भारताच्या दाराशी यावं लागलं.

कॅनडानं एक लिबरेटर नेलं आणि त्या बदल्यात आपल्याला लायसँडर जातीचं विमान दिलं. हा सौदा मला विशेष वाटतो, कारण 1941 साली आपल्या पहिल्या स्क्वॉड्रनला मिळालेली लायसँडर विमानं मुंबईकरांच्या वर्गणीतून आली होती आणि तीच पुढच्या वर्षी ब्रह्मदेशात लढली. एक लिबरेटर 1969 मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला उडत गेलं. एक 1974 साली ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयासाठी उडत गेलं. आणखी एक 1981 मध्ये एका इंग्रज संग्राहकानं विकत घेतलं, सुटं करून मालवाहू विमानानं इंग्लंडला नेलं. तिथून ते अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं आणि 1989 साली पुन्हा आकाशात उठलं. पुढची कित्येक वर्षं त्यानं गावोगावच्या लोकांना पोटात बसवून फिरवलं. जे विमान कानपूरच्या गवतात मारून टाकलं होतं ते अमेरिकेतल्या म्हाताऱ्या सैनिकांना त्यांचं तारुण्य दाखवत होतं. एक आपल्या दिल्लीच्या पालमला हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.

परदेशातली ही विमानं मी छायाचित्रांत पाहिली आहेत. अमेरिकेतल्यांवर अमेरिकेचा तारा आहे, लंडनमधल्यावर ब्रिटिश हवाई दलाच्या आग्नेय आशियातल्या खुणा, कॅनडातल्यावर कॅनडाच्या. ज्या युद्धाची आठवण त्या देशांना जपायची आहे, त्या युद्धाचे रंग त्यांनी दिले. त्यांचा त्यावर हक्क आहे, आणि त्यांनी ही विमानं प्रेमानं राखली यासाठी मी कृतज्ञ आहे. पण या विमानांचं युद्धातलं आयुष्य दोन-तीन वर्षांचंही नव्हतं. भारतात ती वीस वर्षं उडाली. तारा आणि वर्तुळांच्या रंगाखाली जो पत्रा आहे, तो ज्या बोटांनी चाचपला, ज्यांनी एकेक रिबीट पुन्हा मारली, त्यांची वीस वर्षं रंगाखाली गेली आहेत. युद्धानं विमान दिलं आणि युद्धानंच ते मोडलं. ते जगवलं कामगारांनी.

आपण लढाया लिहितो, वैमानिकांची पदकं लिहितो, आणि ते योग्यच आहे. पण विमान उडण्याआधीची रात्र कुणाच्या हातात होती, हे आपण लिहिलं नाही. आबा गेले. आत्या गेली. नागपूरच्या काकांच्या पिढीतले बहुतेक गेले. त्यांच्या गोष्टी घरात सांगितल्या गेल्या, घरातच ऐकल्या गेल्या, आणि घर बदललं की हरवल्या. वालचंदांच्या त्या कारखान्यात सोलापूर-बेळगावकडचे किती लोक होते, कोण कानपूरला गेलं, कुणी कुठल्या विमानाची दारं पहिल्यांदा वर सरकवली, हे अजून काही घरांत कुणाला तरी ठाऊक आहे. हजेरीची कार्डं पेटीत आहेत, नाव कोरलेला पाना माळ्यावर आहे, टोळीचा एखादा फोटो भिंतीवर आहे आणि त्यातल्या माणसांची नावं सांगणारी शेवटची मुलगी आता सत्तरीत आहे.

माझी मागणी सरळ आहे. ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी आजच फोटोच्या मागे नावं लिहावीत, कुणाचा कोण, गाव कुठलं, काम कुठलं. मराठी कामगारांचा इतिहास गोळा करणाऱ्या संस्थांनी गिरण्यांइतकंच या कारखान्याकडेही वळावं. आणि पालमच्या लिबरेटरपुढे एक फलक लागावा, ज्यावर मुन्शींचं नाव असेल आणि त्याखाली त्या टोळ्यांतल्या जितक्या फिटर, मिस्त्री आणि खलाशांची नावं आपल्याला मिळतील तितकी, गावासकट. एकेक नाव मिळवायला वेळ लागेल. पण ज्या लोकांनी गवतातून चाळीस विमानं उठवली, त्यांच्यासाठी एवढं शोधकाम करणं हे आपलं कर्तव्य आहे.